ओठावर फुटलेला ताप आणि घरात येणारं बाळ

पत्र (डिचोलीहून, वय ३४): गेली काही वर्षं माझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर वर्षातून चार-पाच वेळा फोड येतात. एप्रिल-मेमध्ये हमखास, आणि चवथीची (गणेश चतुर्थीची) कामं उरकली की परत. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता वाढली, सुंगटां (कोळंबी) आणि बांगडे बंद कर. मागच्या वेळी फार्मसीतून एक ट्यूब आणून लावली. एक दिवस बरं वाटलं, मग फोड हनुवटीपर्यंत उतरले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी कागदावर ‘हर्पिस’ लिहिलं. तो शब्द मोबाइलवर वाचल्यापासून झोप नाही. नवऱ्याकडे बघितलं तरी मनात नको ते येतं. भाऊ सांगतो फेणीचा बोळा लाव, शेजारीण सांगते चुना. मला शक्यतो गोळ्या नकोत, घरगुती काही असेल तर सांगा. आणखी एक काळजी आहे. नणंद पुढच्या महिन्यात बाळंत होणार आणि इस्पितळातून थेट आमच्याकडे, म्हणजे तिच्या माहेरी, येणार. नेमका तेव्हाच मला फोड आला तर?

उत्तर: ताई, तुम्ही शेवटी लिहिलेला प्रश्न आम्ही आधी घेतो. बाकी सगळ्यात त्रास आहे, जिवाला धोका मात्र फक्त या एकाच ठिकाणी आहे.

ओठावर फोड आणणारा विषाणू मोठ्या माणसाला आठ-दहा दिवस छळतो आणि शांत होतो. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती तयार नसते. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या यकृतापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचू शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बाळ दगावण्याइतकं गंभीर असतं. म्हणून फोड आलेला असेल तेव्हा, म्हणजे मुंग्या सुरू झाल्यापासून खपली पडून खाली कोरी त्वचा दिसेपर्यंत, बाळाचा मुका घ्यायचा नाही. त्याला गालाला गाल लावायचा नाही. शक्य असेल तर त्या दिवसांत बाळाला आंघोळ घालणं, मांडीवर घेणं दुसऱ्या कुणाकडे सोपवा. घरात दुसरं कुणीच नसेल तर फोडावर पट्टी किंवा तोंडावर मास्क लावा आणि बाळाला हात लावण्याआधी साबणाने नीट वीस सेकंद हात धुवा. तेवढं पुरतं. हा विषाणू हवेतून उडून जात नाही. बाळ दुसऱ्या खोलीत आणि तुम्ही स्वयंपाकघरात, एवढ्याने काही होत नाही. बाळाचे कपडे इतर कपड्यांत धुतले म्हणूनही होत नाही.

फोड नसतानाही लाळेतून अधूनमधून थोडा विषाणू बाहेर पडतो, आणि तो फक्त तुमच्याच लाळेत आहे असं नाही. तेव्हा बारशाला येणाऱ्या सगळ्यांसाठी एकच नियम करा, पहिले दोन-तीन महिने बाळाचा मुका कुणीच घ्यायचा नाही. आजी, आत्या, मामी, शेजारीण, सगळ्यांना सारखाच. म्हणजे तुमच्याकडे बोट दाखवायचं कारणच उरत नाही. बाळाचा चमचा स्वतःच्या जिभेला लावून गरम आहे का बघणं, खाली पडलेली चोखणी तोंडात घालून साफ करणं, हेही बंद. नणंदेच्या ओठावर फोड आला तर तिने अंगावर पाजणं थांबवू नये. मास्क लावून, हात धुऊन पाजावं. फक्त स्तनावरच फोड असतील तर त्या बाजूचं पाजणं थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं.

आणि हे घरातल्या सगळ्यांच्या कानावर घालून ठेवा. पहिल्या दीड महिन्यात बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा उलट गार लागलं, झटका आला, अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून थेट बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठायचं आणि घरात कुणाच्या ओठावर फोड होता हे तिथे पहिल्या वाक्यात सांगायचं. शिरेतून द्यायचं औषध लवकर सुरू झालं तर खूप फरक पडतो.

आता त्या शब्दाकडे येऊ.

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. ओठावरचे फोड बहुतेक सगळे पहिल्या प्रकाराचे. जननेंद्रियांवर येणारा आजार बराचसा दुसऱ्या प्रकाराचा. मोबाइलवर तुम्ही जे वाचलंत ते बहुधा त्या दुसऱ्याबद्दल होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की पन्नास वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात पहिला प्रकार आहे. त्यातल्या पुष्कळांना आयुष्यात एकही फोड येत नाही, म्हणून त्यांना पत्ताही नसतो. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो. कुण्या मावशीने घेतलेला मुका, एकाच पेल्यातलं पाणी, बालवाडीत तोंडात घातलेलं दुसऱ्याचं खेळणं. तुमच्या शरीरात तो लग्नाआधी वीस-पंचवीस वर्षं गुपचूप राहिलेला असू शकतो. आज फोड आला यावरून तो कधी आणि कुणाकडून आला हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. रक्ताच्या तपासणीतूनही ते कळत नाही, त्यावर पैसे घालवू नका. नवऱ्यावर संशय घ्यायला या कागदात काहीही आधार नाही.

एक मात्र सांगायला हवं. ओठावरचा पहिला प्रकार तोंडावाटे जननेंद्रियापर्यंत जाऊ शकतो. फोड असेपर्यंत नवऱ्याचं चुंबन आणि मुखमैथुन दोन्ही टाळा. त्यांना आधीच हा विषाणू असण्याची शक्यता बरीच आहे, तरीही.

फोड दर वेळी त्याच कोपऱ्यावर का येतो, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उपचार त्याच्यावरच ठरतो. पहिल्या संसर्गानंतर विषाणू त्वचेतून चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेत शिरतो आणि त्या नसेच्या मुळाशी, कवटीच्या आत असलेल्या गाठीत जाऊन पडून राहतो. तिथे त्याला कोणतंच औषध गाठत नाही. ताप आला, ऊन लागलं, झोप मोडली, पाळी जवळ आली, दाताचं काम करताना ओठ ताणला गेला, असं काही घडलं की तो जागा होतो आणि त्याच नसेच्या त्याच फांदीवरून खाली उतरतो. म्हणून जागा ठरलेली. तो त्वचेत पोचला की आधी मुंग्या, खाज, ओठ आतून ओढल्यासारखा वाटणं. ही अवस्था काही तासांपासून एखाद्या दिवसापर्यंत टिकते. मग लाली आणि सूज, त्यावर मोहरीएवढ्या फोडांचा झुपका. दोनेक दिवसांत फोड एकमेकांत मिसळून फुटतात आणि पाणी गळतं. दुखतं तेही तेव्हाच आणि पसरतंही सगळ्यात जास्त तेव्हाच. नंतर पिवळसर-तपकिरी खपली धरते, हसताना-जांभई देताना तडकते, थोडं रक्त येतं, पुन्हा धरते. सगळं मिळून सात ते दहा दिवस, कधी दोन आठवडे. काहीही केलं नाही तरी बरं होतं, डाग सहसा राहत नाही. ‘अमुक लावलं आणि आठवड्यात गेलं’ असं सांगणारे इतके लोक भेटतात त्याचं कारण हेच.

विषाणूची वाढ जोरात असते ती मुंग्यांपासून पहिल्या फोडांपर्यंतच. त्यावरची औषधं फक्त ही वाढ थांबवतात, झालेली जखम भरत नाहीत. खपली धरल्यावर कितीही महागडं क्रीम थापलं तरी ते उशिरा पोचलेलं असतं. तुमच्यासारख्यांना वर्षानुवर्षं ‘औषधाने काही होत नाही’ असं वाटतं ते यामुळे. मुंग्या येतात रविवारी रात्री, फार्मसीत जाणं होतं मंगळवारी, डॉक्टर भेटतात गुरुवारी.

तेव्हा औषध घरात आधीच असायला हवं. डॉक्टरांकडे फोड नसतानाच जा आणि ‘पुढच्या वेळेसाठी’ म्हणून लिहून घ्या. निरोगी मूत्रपिंड असलेल्या मोठ्या माणसासाठी व्हॅलासायक्लोव्हिरचा ठरलेला डोस असा असतो : मुंग्या येताच २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या एकदम, आणि बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम. बस्स, एका दिवसात संपलं. किंवा असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. हे स्वस्त आहे, पण पाच वेळा आठवणीने घेणं बहुतेकांना जमत नाही आणि तिसऱ्या दिवशी गाडी घसरते. दोन्ही औषधं चिठ्ठीवरच मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो, गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, आणि घेतलेल्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं. यातून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. वेळेवर घेतलं तर साधारण एक दिवस वाचतो, दुखणं कमी होतं. गोळ्या नकोत हे तुमचं म्हणणं समजतं, पण वर्षातून चार वेळा एका दिवसाच्या गोळ्या आणि वर्षातून चार वेळा दहा दिवसांची भळभळती जखम, यातलं काय जड ते तुम्हीच बघा. बाळ घरात असताना तर आम्ही गोळ्यांच्याच बाजूने राहू.

क्रीमच लावायचं असेल तर असायक्लोव्हिर ५ टक्के, दिवसातून पाच वेळा, जागेपणी दर चार तासांनी, चार-पाच दिवस. आधी हात धुवा, ओठ टिपून कोरडा करा, कानात घालायच्या कापसाच्या काडीवर तांदळाएवढं क्रीम घेऊन लाल झालेल्या जागेपेक्षा किंचित बाहेरपर्यंत लावा. चोळू नका. काडी फेका, पुन्हा ट्यूबमध्ये बुडवू नका, हात पुन्हा धुवा. याने मिळतो तो फायदा अर्ध्या दिवसाच्या आसपास. खरेदी करताना ट्यूबवरची टक्केवारी वाचा. ३ टक्केवालं मलम डोळ्यासाठी असतं आणि घाईत तेच हातात पडू शकतं. वेदनेसाठी साधी पॅरासिटामॉल चालते.

मागच्या वेळी तुम्ही लावलेली ट्यूब काय होती ते नाव न वाचताही जवळजवळ सांगता येतं. बुरशीवरचं, जंतूवरचं आणि स्टेरॉइड असं सगळं एकत्र घातलेली ट्यूब. खाज असो, गजकर्ण असो, काहीही असो, तीच काढून देण्याची पद्धत पडून गेली आहे. स्टेरॉइडमुळे सूज आणि लाली उतरते, म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटतं. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबून टाकतं, मग विषाणूला रान मोकळं मिळतं आणि फोड हनुवटीवर उतरतात. घरातल्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही छापलेलं असेल तर ती ओठाच्या फोडाला लावायची नाही. उरलेली दुसऱ्या कुणाला द्यायचीही नाही. प्रतिजैविकाच्या गोळ्यांचाही इथे उपयोग शून्य. त्या जंतूंवर चालतात, विषाणूवर नाही.

घरगुती उपायांबद्दल तुम्ही मनापासून विचारलं आहे. त्यातले काही खरंच उपयोगी आहेत, काही निरुपद्रवी, आणि दोन-तीन सरळ घातक. आधी घातक.

फेणीत ४० टक्क्यांच्या वर मद्यार्क असतो. बोळा टेकवला की झोंबतं आणि ‘काहीतरी होतंय’ असं वाटतं. होतं एवढंच की फोडाभोवतीची चांगली त्वचा सुकून तडकते आणि जखम मोठी होते. विषाणू लपलेल्या आतल्या नसेकडे फेणी पोचतच नाही. चुना त्याहून वाईट. तो तीव्र अल्क असतो, ओल्या जखमेवर रासायनिक भाजणं होतं आणि मग मात्र डाग राहू शकतो. लिंबू, टूथपेस्ट, मीठ चोळणं, गरम पळीचा चटका, सगळे याच पंगतीतले. सुईने फोड फोडणं तर अजिबात नको. त्या पाण्यात विषाणू ठासून भरलेला असतो, तो बोटावर, शेजारच्या त्वचेवर जातो आणि वर जंतूंचा पू धरतो. कोरडी हळद भुरभुरली तर विष होत नाही, पण ती खपलीत रुतून बसते. धुताना खपली उपटली जाते आणि दिवस वाढतात.

उपयोगी म्हणावं असं पहिलं, थंडावा. स्वच्छ रुमालात बर्फाचा खडा गुंडाळून पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट ओठाला नको. दुखणं आणि सूज याने खरोखर कमी होते. दुसरं, खपली मऊ ठेवणं. साधं व्हॅसलीन उत्तम. घरात भिरंडाच्या (कोकमाच्या) बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल असेल तर तेही छान. टाचांच्या भेगांना लावतो तेच, तोंडाच्या उबेने वितळतं आणि ओठावर टिकून राहतं. मुठेलाचा घट्ट गोळा, म्हणजे लाट, तशीच्या तशी ओठावर घासू नका. सुरीने नखाएवढा कपचा काढा, वाटीत वितळवा आणि काडीने लावा, नाहीतर विषाणू लाटेवर जाईल आणि ती लाट सगळं घर वापरतं. खोबरेल तेलही चालतं, फक्त बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका. यातलं काहीही विषाणू मारत नाही. खपली तडकू देत नाही, हेच त्यांचं काम, आणि ते कमी नाही.

मधाची गोष्ट जरा वेगळी. न्यूझीलंडमध्ये साडेनऊशे लोकांवर झालेली एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या कानुका झाडाच्या मधाचं मलम एका गटाला आणि ५ टक्के असायक्लोव्हिर क्रीम दुसऱ्याला. क्रीमवाल्यांची त्वचा पूर्ववत व्हायला साधारण आठ दिवस लागले, मधवाल्यांना नऊ. म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. यावरून ‘मध औषधाइतका चांगला’ अशा बातम्या झाल्या. आम्ही ते उलट वाचतो. काहीच न लावणारा तिसरा गट त्या चाचणीत नव्हता, आणि मुळात क्रीमचाच परिणाम किरकोळ असतो. तो मध जंतुरहित करून मलमात घातलेला होता, बाजारातल्या बाटलीतला नव्हे. तरी चांगला मध ओठाला लावल्याने नुकसान नाही, लावायचा तर लावा. पण तुमच्या घरी बाळ येणार आहे म्हणून एक इशारा : मधाचं बोट बाळाच्या तोंडात जाता कामा नये. एक वर्षाच्या आत मध चाटवल्याने बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो, मग बारशाची रीत असली तरी.

कोरफडीचा गर गार लागतो, सुखावतो, पुरावा तुटपुंजा. पान कापल्यावर ते दहा-पंधरा मिनिटं उभं धरून पिवळा चीक गळू द्या, गर धुवा आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. तो चीक चुरचुरतो. टी ट्री तेलावर अगदी लहान प्रयोग झालेत. नुसतं तेल ओठाला लावलं तर भाजतं, पोटात गेलं तर विषारी, म्हणून ओठासारख्या जागी नकोच. मोबाइलवर ‘लेमन बाम’ची भरपूर स्तुती वाचायला मिळेल. ती मेलिसा नावाची वेगळीच वनस्पती. तिच्या १ टक्का अर्काच्या क्रीमवर काही चाचण्या आहेत. आपल्या परसातली गवती चहा म्हणजे ती नव्हे आणि तुळसही नव्हे. तुळशीचा रस लावल्याने पाप लागणार नाही, फोडही थांबणार नाही.

लायसिन या प्रथिनातल्या घटकाच्या गोळ्या बरेच जण घेतात, आर्जिनिन या दुसऱ्या घटकाला ते अडवतं म्हणून. रोज १ ग्रॅमपेक्षा कमी घेतल्याने फोड टळतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्याहून मोठ्या डोसबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. त्याच सिद्धांतातून ‘काजू, शेंगदाणे बंद करा, त्यात आर्जिनिन असतं’ हा सल्ला निघतो. प्रयोगशाळेत विषाणूला आर्जिनिन लागतं हे खरं. पण काजू सोडल्याने माणसांचे फोड कमी झाले असं कुणी दाखवलेलं नाही, आणि गोव्यात राहून काजू सोडणं म्हणजे उगाच शिक्षा.

टाळायचं कसं? तुमच्या पत्रातच उत्तर आहे, एप्रिल-मे आणि चवथ. गोवा साधारण पंधरा-साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे. एप्रिल संपता-संपता आणि मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर असतो, आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास पुन्हा. अतिनील किरण ओठाच्या पातळ त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती दाबतात आणि नसेतला विषाणू डोकं वर काढतो. ढग असले तरी हे किरण बरेचसे खाली येतात. चवथीत त्यात जागरण, उपास, गणपतीवर फळं-पानं बांधायच्या माटोळीची धावपळ आणि घरभर पाहुणे यांची भर. म्हणजे सासूबाई म्हणतात ती ‘उष्णता’ अगदीच खोटी नाही, फक्त ती कढईत नसून उन्हात आहे.

एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त असलेला लिप बाम घ्या. नुसता सुगंधी किंवा रंगीत बाम उपयोगाचा नाही, वेष्टनावर एसपीएफचा आकडा हवा. कापूर-मेंथॉलवाला टाळा, तो ओठ आणखी कोरडे करतो. बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि चहा प्याल्यावर, जेवल्यावर, समुद्रात डुंबून आल्यावर पुन्हा. बहुतेकांचं इथेच चुकतं, सकाळी एकदा लावला की झालं. प्रत्यक्षात तो पहिल्या चहाबरोबर पोटात जातो. दुचाकीवर काच खाली असलेलं हेल्मेट, पायी असाल तर रुंद काठाची टोपी. चेहऱ्यावर ओढलेली ओढणी पातळ असली तर किरण आत येतात. फोड असताना वापरलेली लिपस्टिक आणि बामची कांडी फेकून द्या. दुसऱ्याला द्यायची तर नाहीच.

वर्षाला सहा किंवा अधिक वेळा, किंवा फार मोठे फोड येत असतील तर डॉक्टर काही महिने रोजची छोटी मात्रा देतात, उदाहरणार्थ व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. तुमचं प्रमाण त्या खालचं आहे. पण बाळ येण्याचा काळ आणि तुमचा फोडांचा काळ एकच पडत असेल तर तेवढ्यापुरती ही मात्रा घेता येईल का, हे त्वचेच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

सगळेच फोड हे नव्हेत. तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेला पांढरट खड्डा पडतो तो तोंड आल्याचा, त्याचा या विषाणूशी संबंध नाही आणि तो पसरत नाही. ओठांचे दोन्ही कोपरे फाटत असतील तर लोह, ब जीवनसत्त्व किंवा बुरशी यांचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात मुलांच्या नाकाखाली मधाळ रंगाची खपली येते ते जंतूंचं. आणि पावसाळ्याच्या रात्री उठल्यावर गालावर जळजळणारा लाल पट्टा दिसला की ‘कोळी मुतला’ म्हणतात. पुष्कळदा तो दिव्याकडे आलेला, मुंगीसारखा लाल-काळा बारीक किडा झोपेत चिरडल्याचा असतो. जागा साबणाने धुणं हाच त्यावरचा पहिला उपाय.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. हा विषाणू बुबुळावर गेला तर नजर जाऊ शकते. फोडाला हात लावून मग डोळा चोळू नका, लेन्स लाळेने ओली करू नका. लहान मुलाला पहिल्यांदाच ताप, सुजलेल्या हिरड्या आणि तोंडभर फोड आले, पाणीही घेईना, तर शुष्कता होते, लगेच दाखवा. इसब असलेल्यांनी, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, एचआयव्ही असलेल्यांनी पहिल्याच फोडाला डॉक्टर गाठावा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम कुणाचीही असो, तपासून घ्या. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या ओठावरची जखम तर त्यापुढे ‘तापाचा फोड’ म्हणून सोडून देऊच नका.

राहिला सासूबाईंचा मासळीचा मुद्दा. सुंगटां, बांगडे, तिसऱ्या यांनी हे फोड येतात असा काहीही आधार नाही, खुशाल खा. फक्त फोड फुटलेला असेल त्या तीन-चार दिवसांत तिखट हुमण (माशाची आमटी) आणि सोलकढी ओठाला झोंबेल. तेवढे दिवस भात-वरण, पेज, थंड ताक घ्या, घास लहान घ्या, आणि तुमचा पेला वेगळा ठेवा.